पिकअपच्या बोनेटला जादा कड्या : आधी मूळ लॉक, मग ड्रिल

अकोल्याच्या जठारपेठेत सकाळपासून पिकअप गाड्यांची ये-जा सुरू होते. कोणी भाजी उतरवतो, कोणी सिमेंट, कोणी किराण्याची पोती. या गाड्यांच्या पुढच्या भागाकडे जरा निरखून पाहिले तर काही ठिकाणी वेगळाच प्रकार नजरेस पडतो. कोठे बोनेटला तारेचा फास आवळलेला असतो, कोठे जाळीतून नायलॉनची दोरी ओवून गाठ मारलेली असते, तर कोठे दाराचा कडी-कोयंडाच वेल्डिंगने चिकटविलेला असतो. मालकास विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "लॉक ढिले झाले आहे. काम चालते."

गावातल्या गर्दीत, ताशी वीस-तीसच्या वेगात, काम खरोखरच चालते. परंतु हीच गाडी माल भरून अमरावतीच्या रस्त्याला लागते तेव्हा गोष्ट बदलते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आजचा ५३, या भागात आता रुंद व गुळगुळीत झाला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता नवा झाला, वेग वाढला. गाडीचे लॉक मात्र जुनेच राहिले. म्हणूनच बाहेरून बसवायच्या जादा कड्यांना गिऱ्हाईक आहे. हे काम आमच्या मेकॅनिक, डेंटिंगवाल्या आणि स्पेअर पार्ट विकणाऱ्या बांधवांनी नीट समजून घ्यावे, यासाठी हा लेख आम्ही देत आहोत.

बोनेट का उघडते?

बहुतेक पिकअपचे बोनेट काचेच्या बाजूला बिजागरीवर असते आणि पुढून उघडते. त्यामुळे चालत्या गाडीत लॉक सुटले की समोरचा वारा ते उचलतो आणि थेट काचेवर आदळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. ड्रायव्हरला समोरचे काहीच दिसत नाही असे दोन सेकंद जरी गेले तरी गाडी चाळीस-पंचेचाळीस मीटर आंधळी धावलेली असते.

वाऱ्याचा जोर किती असतो तेही पाहू. ताशी ४० च्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलो पडतो. वेग दुप्पट, म्हणजे ८० झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे सुमारे ३० किलो. बोनेट एक-सव्वा चौरस मीटरचे धरले तर उभे राहताना त्यावर तीस-पस्तीस किलोचा रेटा येतो. समोरून भरधाव ट्रक गेला तर त्याच्या वाऱ्याचा झटका वेगळाच. तारेचा फास आणि सुतळीची गाठ या हिशेबात कोठे बसते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यासाठीच कंपनीच्या लॉकमध्ये दोन टप्पे असतात. पहिला मुख्य लॉक, जो गाडीच्या आतील लिव्हर ओढल्यावर केबलने सुटतो. दुसरा सेफ्टी खटका, जो बोनेट दोन बोटे वर आल्यावर हात घालून सोडावा लागतो. पहिला चुकून सुटला तरी दुसऱ्याने बोनेट धरून ठेवावे, ही त्यामागील योजना आहे. अमेरिकेच्या ११३ क्रमांकाच्या सुरक्षा मानकातही हेच बंधन आहे : पुढून उघडणारे जे बोनेट ड्रायव्हरची नजर अडवू शकते, त्याला दुसरा टप्पा किंवा दुसरे लॉक असलेच पाहिजे.

जीपची जुनी रीत

बाहेरची कडी ही काही आजची फॅशन नव्हे. जुन्या विलीज जीपला बोनेटच्या दोन्ही बाजूंना, मडगार्डजवळ, अशाच कड्या असत. ही जीप आपल्याकडे ज्या कंपनीने आणली तिचा इतिहास वाचकांस मनोरंजक वाटेल. १९४५ साली के. सी. महिंद्र, जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी "महिंद्र अँड मोहम्मद" ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव "महिंद्र अँड महिंद्र" झाले आणि मुंबईत जुळणी होणारी जीप पुढे देशभर पोहोचली. वऱ्हाडातील कित्येक उस्तादांचे हात याच जीपवर तयार झाले.

म्हणूनच "जीपला कडी चालते, मग पिकअपला का नको?" असा प्रश्न येतो. चालते, पण एक फरक ध्यानात ठेवावा. जीपचा पत्रा जाड होता, बाजू सपाट होत्या आणि कडीची जागा कारखान्यातच ठरलेली होती. आजच्या पिकअपच्या बोनेटचा वरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. त्यावर कडी नुसती स्क्रूने बसवली तर कडी टिकेल, पत्रा फाटेल. या कामातील सगळे कसब त्या पाऊण मिलिमीटरला आधार देण्यात आहे.

पहिले काम : मूळ लॉक दुरुस्त करा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : जादा कडी ही मूळ लॉकची जोडीदार आहे, बदली नव्हे. बिघडलेल्या लॉकवर कडी बसवून गाडी सोडणे म्हणजे फाटक्या पोत्याला वरून रंग देणे. गाडी आली की ड्रिल मशीन बाजूला ठेवा आणि खालील गोष्टी तपासा.

लॉकमध्ये माती आणि वाळलेले ग्रीस अडकले आहे काय? वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन आत शिरते आणि उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते. खटका अर्धाच बसतो. रॉकेल किंवा डिझेलने लॉक धुऊन, कोरडे करून, थोडे नवे ग्रीस द्यावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

स्प्रिंग मऊ पडली आहे काय? केबल ताणली किंवा गंजून अडकली आहे काय? केबल पूर्ण मागे येत नसेल तर लॉक कधीच पूर्ण बसत नाही. बोनेटची पिन वाकडी आहे किंवा तिचा नट ढिला आहे काय? कोपऱ्यातील रबरी स्टॉपर झिजले आहेत काय? स्टॉपर झिजला की बोनेट खडखडते आणि त्या हादऱ्याने लॉक खाल्ले जाते. शेवटी बिजागरीचे बोल्ट पाहावेत. गाडी पूर्वी ठोकली गेली असेल तर बोनेटच तिरके असते. तेथे आधी डेंटिंगचे काम करावे लागते.

आता कसोटी घ्या. बोनेट बंद करा, आतील लिव्हर ओढा. बोनेट दोन बोटे वर येऊन सेफ्टी खटक्यावर थांबले पाहिजे. हाताने वर जोर द्या; तरी सुटता कामा नये. ही कसोटी दहा वेळा घ्यावी. एकदा जरी चुकली तर लॉक बदलावे. गिऱ्हाईक "राहू द्या, कडी तर लावतच आहोत" म्हणेल. तेथे नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे.

कोणती कडी घ्यावी?

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात.

रबरी पट्ट्याची कडी : ताणून खालच्या हुकात अडकवायची. हादरे सोसते, खडखडत नाही आणि बसवायला सोपी. दोष एवढाच की रबर म्हातारे होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यात इंजिनाची धग. साधे रबर अशा जागी लवकर तडकते. ऊन व हवा सोसणारे ई.पी.डी.एम. रबर मागून घ्यावे. नवा पट्टा ताणून पाहावा; बारीक चिरा दिसल्या तर परत करावा.

लोखंडी टॉगल कडी : डबे किंवा कूलरला असते तशी, दाबली की ओलांडून घट्ट बसणारी. मजबूत असते, पण स्प्रिंग किंवा दुहेरी खटका नसलेली घेऊ नये. हादऱ्याने ती आपोआप उलटू शकते. टोके गोलसर असावीत. बाजाराच्या गर्दीत शेजारून जाणाऱ्या माणसाचा सदरा किंवा मुलाचा हात त्यात अडकता कामा नये.

पिनची कडी : खालून उभी पिन, बोनेटला भोक आणि वरून क्लिप. ही शर्यतीच्या गाड्यांची रीत. आंतरराष्ट्रीय मोटार शर्यतींच्या नियमात बोनेटला किमान दोन जादा बंद लागतात, आणि तेथे मूळ लॉक निकामी करावे लागते, म्हणजे अपघातात बाहेरून कोणासही लगेच बोनेट उघडता यावे. आपल्या माल वाहणाऱ्या गाडीला हा नियम लागू नाही. आपण मूळ लॉक कायम ठेवावे. शिवाय पिनच्या भोकातून पावसाचे पाणी इंजिनावर गळते, म्हणून पिकअपसाठी पहिले दोन प्रकार बरे.

बॅटरी चोरीच्या भीतीने काहीजण चावीची कडी मागतात. देण्यास हरकत नाही. मात्र चावी ड्रायव्हरच्या जवळच राहिली पाहिजे, हे बजावून सांगावे. वायरिंगने पेट घेतला आणि चावी मालकाच्या घरी असली तर पाण्याची बादली हातात घेऊनही काही करता येत नाही. तारेच्या फासाचाही हाच धोका आहे.

बसविण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. इंजिनावर जुनी चादर पसरा, म्हणजे लोखंडाचा कीस बेल्टमध्ये किंवा अल्टरनेटरमध्ये जाणार नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. शागीर्द लहान आहे, सवय होईल, असे म्हणून त्याला चष्म्याविना बसवू नये.

जागा ठरविताना बोनेटची मध्यरेषा टेपने मोजून खडूने आखा. तेथून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर, पुढच्या कोपऱ्यांजवळ, खुणा करा. बोनेट उघडून खालची चौकट पाहा. कडी चौकटीच्या मजबूत भागावर आली पाहिजे. चौकटीत मुद्दाम ठेवलेल्या घड्या किंवा खाचा असतात, तेथे भोक पाडू नये. टक्कर झाल्यावर बोनेट तेथे दुमडावे, अशी ती योजना असते. एअरबॅग असलेल्या नव्या गाड्यांत पुढच्या आडव्या पट्टीजवळ सेन्सर असू शकतात. तेथे ड्रिल नेऊच नये. मडगार्डच्या आत हेडलाइटची वायरिंग नाही ना, हे हात घालून पाहावे.

कडीच्या मागे जागा किती आहे हे मोजण्याची घरगुती युक्ती अशी : प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात कणकेची गोळी बांधून खुणेच्या खाली ठेवा, बोनेट हलकेच बंद करा आणि पुन्हा उघडा. गोळी जेवढी जाड उरली तेवढीच जागा बोल्टच्या टोकाला आहे. बोल्ट त्याहून आखूडच हवा.

आता आधाराची पट्टी. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा सुमारे ४० बाय ६० मिलिमीटरचा तुकडा कापा, कोपरे गोल करा, कडा कानसने घासा. ही पट्टी पत्र्याच्या आतून बसते आणि ताण एका भोकावर न पडता सगळीकडे वाटला जातो. वर आणि खाली, दोन्ही बाजूंच्या कड्यांना अशी पट्टी द्यावी. म्हणजे दोन कड्यांना चार पट्ट्या.

भोक पाडताना चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, सेंटर पंच मारा, आधी ३ मिलिमीटरचा आणि मग साडेसहा मिलिमीटरचा ड्रिल चालवा. ड्रिलच्या बिटवर रबरी नळीचा तुकडा चढवून ठेवला तर बिट झटक्याने आत घुसत नाही. एका कडीची भोके पाडून ती तात्पुरती बसवून पाहा. मगच दुसरी बाजू घ्या.

भोकाची कड घासून लगेच प्रायमर द्या, वर रंगाचा हात द्या आणि सुकू द्या. घाईत हीच पायरी गाळली जाते. कोऱ्या लोखंडाच्या कडेला पहिल्या पावसात गंज धरतो आणि दुसऱ्या वर्षी कडीभोवतीचा पत्रा कुरतडलेला दिसतो. कडी आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ रबरी पॅकिंग घालावे. कडी स्टेनलेसची असेल तर ते विशेष गरजेचे, कारण दोन वेगळे धातू ओले राहिले की साध्या पत्र्याला गंज लवकर लागतो.

बोल्ट सहा मिलिमीटरचे, दहाच्या पान्याचे घ्या. मोठा वायसर आणि नायलॉक नट वापरा. ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट आणि पत्र्याचे स्क्रू या कामाला नकोत. हादऱ्याने ते ढिले होतात. पोकळ चौकटीत हात पोहोचत नसेल तेथे लोखंडी रिव्हेट-नट बसवावा.

ताण किती द्यावा?

येथे पुष्कळांची गफलत होते. कडी जेवढी आवळली तेवढी चांगली, हा समज खोटा आहे. आधी मूळ लॉक पूर्ण बंद करा. बोनेट आणि मडगार्ड यांच्यातील फट दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याच्या पट्टीने मोजा. मग कड्या लावा आणि पुन्हा मोजा. फट कमी झाली तर ताण जास्त आहे. कडीने बोनेट खाली दाबायचे नाही, वर उठू द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. सतत दाबलेल्या बोनेटचा पत्रा वाकतो आणि मूळ लॉकची पिन बाजूला सरकते. म्हणजे मदतीला आणलेलीच घर मोडते.

यानंतर तीन कसोट्या घ्या. पहिली, बाहेरच्या कड्या उघड्या ठेवून मूळ लॉकचे दोन्ही टप्पे. दुसरी, मूळ लॉक सोडून फक्त बाहेरच्या कड्या; दोन्ही कोपरे हाताने वर ओढून पाहा. तिसरी, सगळे बंद करून गाडी मोकळ्या रस्त्यावर आधी ४० आणि मग ६० च्या वेगाने चालवून बोनेट थरथरते काय, हे पाहा. ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावून बोल्ट तपासावेत, त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत.

बोनेटच्या आत आणि ड्रायव्हरच्या लिव्हरजवळ एक चिठ्ठी चिकटवा : "उघडताना आधी बाहेरच्या कड्या, मग आतील लिव्हर. बंद करताना आधी लॉक, मग कड्या." नवा ड्रायव्हर कड्या न काढता बोनेट ओढतो आणि पत्रा मोडतो, या चिठ्ठीने ते टळते.

कायदा, बिल आणि व्यवहार

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. नोंदणी पुस्तकातील तपशील आणि कंपनीची मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. नोंदणी पुस्तकात बोनेटच्या कडीचा रकाना नसतो, हे खरे. तरीही माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तेथे बाहेर आलेली टोकदार वस्तू नजरेत भरते, म्हणून गोल कडांच्या, अंगाला चिकटून बसणाऱ्या कड्या लावाव्यात. कडीचा हुक पुढच्या लोखंडी गार्डवर कदापि बसवू नये. अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले आहे. गाडी वॉरंटीत असेल तर भोक पाडल्यावर त्या भागाच्या गंजाची व रंगाची भरपाई कंपनी नाकारू शकते. हे गिऱ्हाइकाला काम सुरू करण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे.

किंमत ठरविताना नुसता कडीचा भाव आणि वर मजुरी असा हिशेब करू नये. पट्ट्या, बोल्ट, प्रायमर, मूळ लॉकची सफाई आणि पुन्हा तपासणी हे सर्व त्यात धरावे. दोन कड्यांचे काम नीट केले तर रंग सुकण्यासह दोन-तीन तास सहज जातात. जो अर्ध्या तासात करून देतो तो कोणती तरी पायरी गाळतो. बिलावर तीन ओळी लिहाव्यात : मूळ लॉक तपासले, काय बदलले, कड्या कोणत्या बसविल्या. उद्या तक्रार आली तर तोंडी साक्षीपेक्षा हा कागद मोलाचा ठरतो.

दुकानदार बांधवांनीही नुसती कडी विकू नये. चार आधारपट्ट्या, पॅकिंग, बोल्ट-नट, जागा आखण्याचा कागदी नमुना आणि एक जादा रबरी पट्टा असा पूर्ण संच बांधून ठेवावा. संचाचा नफा सुट्या कडीपेक्षा चांगला असतो आणि कारागिराला तार-स्क्रूचा मोह होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जी.एस.टी. सरसकट १८ टक्के झाला आहे; जुना २८ टक्क्यांचा दर लावून कोणी माल देत असेल तर बिल तपासून घ्यावे. माल पक्क्या बिलाचाच घ्यावा, म्हणजे तडकलेला पट्टा परत करता येतो.

हे काम लहान आहे. यातून कोणी एका दिवसात श्रीमंत होणार नाही. पण पिकअपचा मालक बहुधा स्वतःच ड्रायव्हर असतो, गाडीवर कर्ज असते आणि घर तिच्यावर चालते. त्याच्या समोरची काच मोकळी राहणे हे आपल्या दहाच्या पान्यावर अवलंबून आहे. ज्या कारागिराकडून गाडी निघाल्यावर मालकाला पुन्हा बोनेटकडे पाहावे लागत नाही, त्याच्याकडे तो पुढच्या कामालाही येतो आणि चार जणांना घेऊनही येतो.